ब्लॅकबेरीनं फोन घडवणं दुसऱ्यांकडे सोपवलं: जुन्या ग्राहकांच्या नाराजीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्लॅकबेरीनं २०१६ मध्ये फोन घडवण्याचं काम सोडलं, तेव्हा तिचे जुने ग्राहक खूप चिडले. अनेकांना ती चीड आजही अनाठायी वाटते. मला ती तशी वाटत नाही. पुढच्या काही वर्षांत जे घडलं ते पाहिलं, की त्या लोकांची भीती किती नेमकी होती ते कळतं. या विषयावर पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

२८ सप्टेंबर २०१६ ला कंपनीनं नेमकं काय जाहीर केलं?

तिमाही निकाल जाहीर करताना मुख्याधिकारी जॉन चेन यांनी सांगितलं, की फोनचं हार्डवेअर विकसित करण्याचं कंपनीतलं काम पूर्ण बंद होईल आणि ते भागीदारांकडे जाईल. त्या तिमाहीत ३७.२ कोटी डॉलरचा तोटा झाला होता आणि जेमतेम ४ लाख फोन विकले गेले होते. यापुढे ब्लॅकबेरी सॉफ्टवेअर, सुरक्षेची यंत्रणा आणि नाव देणार. फोनची रचना, सुटे भाग, जुळणी, विक्री, विक्रीनंतरची सेवा हे सगळं भागीदार बघणार आणि ब्लॅकबेरीला परवान्याचं शुल्क मिळणार. पहिला भागीदार इंडोनेशियातला होता. तिथल्या टिफोन कंपनीबरोबर ‘बीबी मेराह पुतिह’ हा संयुक्त उपक्रम उभा केला गेला.

त्या दिवशी शेअर वधारला. गुंतवणूकदारांना हायसं वाटलं आणि ग्राहकांच्या पोटात गोळा आला.

त्याआधी ब्लॅकबेरी सगळे फोन स्वतःच्या कारखान्यात बनवत होती का?

नाही, आणि ही चर्चा बहुतेक वेळा इथेच घसरते. कंपनीचं घर कॅनडातल्या वॉटर्लू शहरात होतं. १९८४ मध्ये माइक लझारिडिस आणि डग्लस फ्रेगिन यांनी ‘रिसर्च इन मोशन’ या नावानं ती तिथेच सुरू केली. पण फोनच्या जुळणीचं बरंचसं काम कित्येक वर्षं बाहेरच्या कंत्राटदारांकडेच होतं. सेलेस्टिका ही त्यातली एक कंपनी, तिचं काम २०१२ मध्ये थांबवण्यात आलं. डिसेंबर २०१३ मध्ये फॉक्सकॉनबरोबर पाच वर्षांचा करार झाला आणि त्यातून इंडोनेशियासाठी ‘झेड ३’ हा स्वस्त फोन आला.

म्हणजे जुळणी बाहेर होणं यात नवीन काही नव्हतं. आयफोनचीही जुळणी फॉक्सकॉनसारख्या कंपन्याच करतात, पण काच कुठली, बटण किती दाबलं जावं, बॅटरी किती मोठी, हे ॲपल ठरवते. २०१६ मध्ये ब्लॅकबेरीनं जे सोडलं ते हे ठरवणं. कीबोर्डच्या बटणांना किती उतार द्यायचा यावर वाद घालणारी माणसं पगारावर ठेवायची की नाही, असा तो प्रश्न होता.

मग ग्राहकांना नेमका राग कशाचा आला?

बातमी ऐकून लोक वेगवेगळ्या कारणांनी हळहळले, पण रागाच्या मुळाशी एक गोष्ट होती: आता जबाबदार कोण? फोन बिघडला, अपडेट अडकलं, कीबोर्डमध्ये खोट निघाली, तर विचारायचं कुणाला? नाव एकाचं, यंत्र दुसऱ्याचं, आणि मधला करार ग्राहकानं कधी पाहिलेलाच नाही. या लोकांनी ॲप मिळत नसताना, ऑफिसात सहकारी हसत असताना हे नाव धरून ठेवलं होतं. त्यांना असं वाटलं, की आपण ज्यांच्यासाठी थांबलो ते स्वतःच निघाले.

त्यात आधीचे घाव होते. ब्लॅकबेरीच्या प्लेबुक टॅबलेटला कंपनीची स्वतःची नवी ‘बीबी १०’ ही ऑपरेटिंग प्रणाली मिळेल असं सांगितलं गेलं होतं. जून २०१३ मध्ये ते रद्द झालं. ज्यांनी त्या आशेवर टॅबलेट घेतला होता ते हात चोळत बसले. जुलै २०१६ मध्ये ‘क्लासिक’ या कीबोर्डवाल्या फोनचं उत्पादन थांबलं. सप्टेंबरची घोषणा झाली तेव्हा विश्वासाची शिल्लक आधीच तळाला गेली होती.

एका फोनवर एवढा जीव कशाला लावायचा?

हा प्रश्न सहसा ज्यांनी काचेवरच टाइप केलंय ते विचारतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ब्लॅकबेरीचा कीबोर्ड न बघता वापरता यायचा. अंगठ्याला कडा लागायची, कुठलं अक्षर खाली आहे ते कळायचं. चालता चालता, बैठकीत टेबलाखाली, अंधारात लांबलचक ईमेल लिहून व्हायचं आणि चुका तुरळक असायच्या. दिवसभर लिहिण्यावर ज्यांचं पोट आहे, म्हणजे वकील, पत्रकार, डॉक्टर, सरकारी अधिकारी, त्यांच्यासाठी हे हत्यार होतं. एकेका अक्षराचे शॉर्टकट बोटांत मुरले होते: ‘टी’ दाबलं की यादीच्या वर, ‘बी’ दाबलं की तळाला, ‘आर’नं उत्तर, ‘सी’नं नवा मजकूर. लाल दिवा लुकलुकला की काहीतरी आलंय, नाहीतर फोनकडे बघायची गरज नाही.

२००५ पासून बीबीएम, म्हणजे ब्लॅकबेरीची स्वतःची संदेशसेवा, होतं. संदेश पोहोचला की ‘डी’, वाचला की ‘आर’. आज सगळ्यांच्या अंगवळणी पडलेल्या खुणा हजारोंनी तिथेच पहिल्यांदा पाहिल्या. पुढे ‘बीबी १०’मध्ये हब आलं. ईमेल, एसएमएस, चॅट, मिस्ड कॉल सगळं एका यादीत, आणि अंगठा सरकवून कुठूनही त्यात डोकावता यायचं. इतकी नीट विचार करून केलेली गोष्ट मला नंतर कुठल्याच फोनमध्ये सापडली नाही.

एखाद्या सुताराचा वर्षानुवर्षं हातात बसलेला रंधा काढून घेतला आणि नवा जास्त चकचकीत आहे असं सांगितलं, तर त्याला जे वाटेल तेच या लोकांना वाटलं.

कंपनीपुढे दुसरा मार्ग होता का?

२०१६ मध्ये फारसा नव्हता, हे मान्य करायलाच हवं. चेन नोव्हेंबर २०१३ मध्ये आले तेव्हा घर जळत होतं. ‘झेड १०’ हा फोन खपला नाही आणि पडून राहिलेल्या मालापोटी एका तिमाहीत ९० कोटी डॉलरहून अधिक रक्कम तोट्यात टाकावी लागली. ४,५०० जणांची कपात जाहीर झाली. फेअरफॅक्स या गुंतवणूक कंपनीनं ४.७ अब्ज डॉलरना कंपनी विकत घेण्याची तयारी दाखवली होती, ती बोलणी फिसकटली आणि त्याऐवजी एक अब्ज डॉलरचं कर्जरूपी भांडवल उभं राहिलं.

फोनचा धंदा फायद्यात येण्यासाठी वर्षाला ५० लाख फोन विकले जायला हवेत, असं चेन यांनी २०१५ मध्ये सांगितलं होतं. तिमाहीला ४ लाख म्हणजे वर्षाला १६ लाख. एवढ्याशा संख्येसाठी रचनेचा विभाग, चाचण्या, साचे आणि जगभरातल्या दूरसंचार कंपन्यांच्या मंजुऱ्या परवडत नाहीत. पाचशे फोनचा साचा आणि पाच लाखांचा साचा यांचा खर्च जवळपास सारखाच येतो.

माझं मत असं: निर्णय चुकीचा नव्हता, पण फार उशिरा आणि फार कोरडेपणानं सांगितला गेला. जुन्या ग्राहकांना ‘तुमच्या हातातल्या फोनला अमुक तारखेपर्यंत आम्ही बांधील आहोत’ एवढं एक वाक्य हवं होतं.

‘डीटेक ५०’ म्हणजे नाव बदललेला अल्काटेलच, हा आरोप खरा होता का?

यंत्रापुरता खरा होता. जुलै २०१६ मध्ये आलेला हा फोन टीसीएल या चिनी कंपनीनं बनवला होता आणि त्याचं अंग तिच्याच अल्काटेल नावाच्या ‘आयडल ४’ फोनचं होतं. पाठ वेगळी आणि आतलं सॉफ्टवेअर ब्लॅकबेरीनं घट्ट केलेलं. कीबोर्ड नव्हताच. सप्टेंबरच्या घोषणेत काय येणार याची चुणूक या फोननं दोन महिने आधीच दिली होती, आणि ज्यांनी तो हातात घेऊन पाहिला ते घोषणेच्या दिवशी चकित झाले नाहीत. पुढचा ‘डीटेक ६०’सुद्धा टीसीएलचाच.

फोन दुसऱ्यानं बनवला तर ब्लॅकबेरीची सुरक्षा उरते का?

जुन्या ग्राहकांचा हा सगळ्यात गंभीर प्रश्न होता. ब्लॅकबेरीचं उत्तर असं, की फोन बनतानाच प्रोसेसरमध्ये एक गुप्त किल्ली रुजवली जाते. सुरू होताना प्रत्येक टप्प्याचं सॉफ्टवेअर आधीच्या टप्प्याकडून तपासलं जातं, आणि त्यात कुणी ढवळाढवळ केली असेल तर फोन सुरूच होत नाही. ही पद्धत भागीदाराच्या कारखान्यातही ब्लॅकबेरीच्याच नियंत्रणात राहील, असं कंपनीनं सांगितलं. अँड्रॉइडची मासिक सुरक्षा अपडेटही ब्लॅकबेरीच तयार करणार होती.

तांत्रिकदृष्ट्या ही व्यवस्था चांगली होती. पण तिची दुसरी बाजू नंतर लक्षात आली. याच यंत्रणेमुळे बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना प्रणाली चढवणारं सॉफ्टवेअर, कायम कुलूपबंद होता. अपडेट थांबल्यावर इतर अँड्रॉइड फोनवर हौशी मंडळी बाहेरून नवी प्रणाली चढवतात आणि फोनचं आयुष्य वाढवतात. इथे ती वाट नव्हती. ज्या गुणासाठी लोकांनी फोन घेतला, त्याच गुणामुळे करार संपल्यावर फोन अडकून पडला.

परवाना कुणाकुणाला मिळाला?

डिसेंबर २०१६ मध्ये टीसीएलला जवळपास सगळ्या जगासाठी. इंडोनेशिया बीबी मेराह पुतिहकडे होतं. भारत, श्रीलंका, नेपाळ आणि बांगलादेश हे चार देश फेब्रुवारी २०१७ मध्ये ऑप्टिमस इन्फ्राकॉमकडे गेले. एका नावाखाली तीन कंपन्या, त्यामुळे एका देशात घेतलेल्या फोनची दुरुस्ती दुसऱ्या देशात कोण करणार हा गोंधळ ठरलेलाच होता.

टीसीएलचे फोन वाईट होते का?

अजिबात नाही. जे लोक सरसकट नाकं मुरडतात त्यांच्याशी मी सहमत नाही.

२०१७ मधला ‘कीवन’ हा मनापासून केलेला फोन होता. साडेचार इंची पडदा आणि खाली खराखुरा कीबोर्ड. स्पेसबारमध्ये बोटाच्या ठशाचा सेन्सर बसवण्याची कल्पना इतकी सहज होती, की आधी कुणाला सुचली कशी नाही असं वाटावं. कीबोर्डवर बोट फिरवलं की पान सरकायचं. अक्षरं दाबून आणि धरून असे ५२ शॉर्टकट लावता यायचे. ३,५०५ एमएएचची बॅटरी आणि काटकसरी स्नॅपड्रॅगन ६२५ प्रोसेसर यांची जोडी इतकी चांगली जमली, की चार्जर घरी विसरला तरी चालायचं. सुरुवातीच्या काही फोनमध्ये पडदा पुरेसा चिकटवलेला नाही अशी ओरड झाली, आणि टीसीएलनं तो जास्त घट्ट बसवायला घेतला. ग्राहकांचं ऐकणं अजून चालू आहे, याची ती खूण होती.

जून २०१८ मध्ये ‘की-टू’ आला. बटणं मोठी, रॅम ६ जीबी, आणि एक वेगळी ‘स्पीड की’ जिच्यामुळे कुठल्याही ॲपमधून शॉर्टकट चालवता यायचा. टाइप करणाऱ्यांसाठी तो माझ्या मते अँड्रॉइडवरचा सगळ्यात उत्तम फोन होता.

मग बिनसलं कुठे? अपडेटमध्ये. ‘की-टू’ अँड्रॉइड ८.१ घेऊन आला आणि शेवटपर्यंत ८.१ वरच राहिला. मोठी अपडेट करायची तर टीसीएलनं यंत्राची बाजू सांभाळायची, ब्लॅकबेरीनं सॉफ्टवेअरची, आणि खर्च कुणी उचलायचा हे दोघांत ठरायचं. फोन थोडे विकले गेले की ही सगळी आकडेमोड ग्राहकाच्या विरुद्ध जाते. २०१६ मध्ये विचारलेला ‘जबाबदार कोण’ हा प्रश्न २०१९ मध्ये सेटिंग्जमधल्या ‘अपडेट उपलब्ध नाही’ या ओळीत उत्तरादाखल समोर उभा राहिला.

भारतातल्या ऑप्टिमसनं काय केलं?

ऑगस्ट २०१८ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ आणि ‘इव्हॉल्व्ह एक्स’ हे दोन फोन आणले. दोन्ही पूर्ण काचेचे, कीबोर्डशिवाय. बॅटरी मोठी होती, पण ज्या कारणासाठी जुना ग्राहक पुन्हा दारात आला असता तेच कारण काढून टाकलेलं होतं.

‘बीबी १०’ वापरणाऱ्यांचं काय झालं?

त्यांचे हाल सर्वात जास्त झाले. ‘पासपोर्ट’, ‘क्लासिक’, ‘क्यू १०’ घेतलेल्या लोकांसाठी २०१६ ची घोषणा म्हणजे नवा फोन येणार नाही याची लेखी खात्री होती, कारण भागीदार फक्त अँड्रॉइड फोन करणार होते. त्याच वर्षाच्या सुरुवातीला फेसबुक आणि व्हॉट्सॲपनं या प्रणालीतून बाहेर पडणार असल्याचं सांगितलं होतं. व्हॉट्सॲपनं मुदत वाढवत वाढवत २०१७ च्या अखेरीपर्यंत आणली आणि मग बंद केलं.

चौकोनी पडद्याचा ‘पासपोर्ट’ विशेषतः वेगळा होता. १४४० बाय १४४० पिक्सेल, तीन ओळींचा स्पर्श कळणारा कीबोर्ड. लांब कागदपत्रं आणि तक्ते वाचायला तेव्हा तसा दुसरा फोन नव्हता. पुढची काही वर्षं लोक जुने फोन सुट्या भागांसाठी जमवून तो चालवत राहिले.

लोकांनी फोन विकत घेतलेच नाहीत, मग तक्रार करण्याचा त्यांना काय हक्क?

ज्यांनी घेतले नाहीत ते तक्रार करत नव्हते. तक्रार करणारे तेच होते ज्यांनी एकामागून एक मॉडेल घेतलं होतं. २०१२ मध्ये ब्लॅकबेरीचे सुमारे ८ कोटी वापरकर्ते होते. त्यातले बहुतेक शांतपणे दुसरीकडे गेले. उरलेल्यांवर गेलेल्यांचा दोष टाकणं अन्यायाचं आहे.

आणि हे लोक नुसती रडारड करत नव्हते. ‘क्यू १०’मधून काढलेला ट्रॅकपॅड आणि कॉलची बटणं त्यांच्या आग्रहामुळेच २०१४ च्या ‘क्लासिक’मध्ये परत आली. कंपनीच्या रचनाकारांना फुकटात इतके बारकाईनं वापरणारे परीक्षक मिळाले होते.

टीसीएलनं हात कधी आखडला?

फेब्रुवारी २०२० मध्ये. ३१ ऑगस्ट २०२० नंतर विक्री करणार नाही, परवाना संपतोय, आणि विकलेल्या फोनना ३१ ऑगस्ट २०२२ पर्यंत सेवा देऊ, असं निवेदन आलं. तारीख स्पष्ट सांगितली, हे टीसीएलच्या बाजूनं नोंदवायला हवं.

त्यानंतर ५जी ब्लॅकबेरी येणार होता ना?

ऑगस्ट २०२० मध्ये टेक्सासच्या ऑस्टिन शहरातल्या ऑनवर्डमोबिलिटी या नव्या कंपनीनं परवाना घेतला आणि २०२१ मध्ये कीबोर्डवाला ५जी फोन आणण्याचं सांगितलं. २०२१ संपलं, फोन आला नाही. जानेवारी २०२२ मध्ये ‘आम्ही अजून आहोत’ असं सांगितलं गेलं आणि फेब्रुवारीत कंपनी बंद झाली. फोनचं अधिकृत चित्रसुद्धा लोकांना बघायला मिळालं नाही. इतकी वर्षं वाट पाहणाऱ्यांनी इथे आशा सोडली, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

४ जानेवारी २०२२ ला काय बंद झालं?

‘ब्लॅकबेरी ७.१’ आणि त्याआधीच्या प्रणाली, ‘बीबी १०’ आणि प्लेबुक यांना आधार देणाऱ्या सेवा. त्या दिवसापासून या यंत्रांवर डेटा, कॉल, एसएमएस आणि आणीबाणीचे नंबरही भरवशानं चालतील याची हमी राहिली नाही. अँड्रॉइडवरच्या ‘प्रिव्ह’, ‘कीवन’, ‘की-टू’ यांना हा फटका नव्हता. बीबीएमची सर्वसामान्यांसाठीची सेवा त्याआधीच, ३१ मे २०१९ ला, थांबली होती.

माझ्याकडे अजून ‘की-टू’ आहे. वापरू का?

लिहायला, टिपणं काढायला, गाणी ऐकायला जरूर वापरा. बँकेचं ॲप, यूपीआय आणि कामाचं ईमेल मात्र त्यावर ठेवू नका. सुरक्षा अपडेट येऊन काही वर्षं झाली आहेत आणि बूटलोडर बंद असल्यामुळे ती बाहेरून मिळवण्याचा मार्गही नाही. बॅटरी फुगली आहे का ते अधूनमधून बघा, पडदा कडेनं उचलला गेला असेल तर लगेच चार्जिंग थांबवा.

ब्लॅकबेरी कंपनी आज आहे का?

आहे, पण फोनशी तिचा संबंध उरलेला नाही. २०१० मध्ये घेतलेली क्यूएनएक्स ही प्रणाली आता तिचा मुख्य आधार आहे. ती मोटारींच्या आत चालते, आणि कंपनीच्या सांगण्यानुसार २५ कोटींहून अधिक गाड्यांमध्ये आहे. चेन नोव्हेंबर २०२३ मध्ये पायउतार झाले. फोनशी निगडित बरीचशी पेटंट त्याच वर्षी मलिकी इनोव्हेशन्सला विकली गेली.

दुसरी एखादी कंपनी उद्या असंच करायला निघाली, तर ग्राहकानं काय विचारावं?

परवाना कधी संपतो? अपडेट कोण तयार करणार आणि कोण पाठवणार, दोन्हींची नावं वेगळी असतील तर वाद झाल्यावर अंतिम शब्द कुणाचा? सेवा संपल्यावर बूटलोडर उघडून देणार का? सुटे भाग किती वर्षं मिळणार? यांपैकी एकाचंही लेखी उत्तर नसेल, तर फोन आवडला म्हणून घ्या, पण नावाच्या भरवशावर घेऊ नका. नोकियाचं नाव घेऊन डिसेंबर २०१६ मध्ये उतरलेल्या एचएमडी ग्लोबलकडेही हेच विचारायला हवं होतं.

कीबोर्डवाला फोन आज मिळतो का?

मिळतो. युनिहर्ट्झचे ‘टायटन’ मालिकेतले फोन ब्लॅकबेरीच्या जुन्या ग्राहकांनाच डोळ्यांसमोर ठेवून आले. अंगानं जाडजूड आहेत, बटणं जरा कडक आहेत, पण चालतात. दुसरा मार्ग म्हणजे क्लिक्सचा कीबोर्ड असलेलं कव्हर. ते आधी आयफोनसाठी आलं. ते करणाऱ्या मंडळींमध्ये ब्लॅकबेरीच्या चाहत्यांसाठी वर्षानुवर्षं लिहिणारी माणसं आहेत, आणि बटणांवर ते जाणवतं. फोन मात्र त्यामुळे बराच लांब होतो, त्यामुळे खिशाचा अंदाज घेऊनच मागवा.